आवाजाचा परवाना

नाइट क्लबसाठी कुणी कुर्डुवाडीला येत नाही. येतात ते गाडी बदलायला. मुंबई-सोलापूर मार्गावरचे हे जंक्शन, एका अंगाने बार्शी-लातूरकडे आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूर-मिरजेकडे जाणारे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी इथून बार्शीकडे धावू लागली आणि रेल्वेच्या आधाराने गाव वाढले. रेल्वेचे गाव म्हटले की रात्री जागणारी माणसे आलीच. लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन, हमाल, चहावाले यांच्यातले कित्येक जण पहाटे घरी येऊन दिवसा झोपतात. अशा गावात झोप ही रोजीरोटीची गोष्ट असते, कारण पुरेशी झोप न झालेल्या माणसाच्या हाती गाडी सोपवता येत नाही.

लंडनमध्ये किंवा गोव्यात नाइट क्लबच्या आवाजावरून जे भांडण होते, तेच आपल्या तालुक्यांच्या गावांत वेगळ्या नावांनी होते. कुठे मंगल कार्यालयाच्या लॉनवरचा डीजे असतो, कुठे हायवेवरच्या परमिट रूमच्या गच्चीवरचे स्पीकर, तर कुठे ढोलकी बाजूला सारून साउंड सिस्टिमवर चालणारे कलाकेंद्र. तक्रार सगळीकडे एकच असते: रात्री अकरा वाजले, भिंती थरथरताहेत, घरात म्हातारे माणूस आहे, लेकराची परीक्षा आहे, आणि दाद मागायची कुणाकडे?

या प्रकरणात याच प्रश्नाचा माग काढायचा आहे. रात्री मोठ्याने वाजवण्याची परवानगी कोण देते, ती कोण काढून घेऊ शकते आणि ज्याची झोप मोडते त्याला या व्यवहारात बोलायला जागा कुठे आहे?

शेजाऱ्यासाठी खुर्ची

आधी इंग्लंडची पद्धत पाहू, कारण तिथे या प्रश्नाचे उत्तर एकाच कायद्यात मिळते. २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टने दारूचे परवाने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून स्थानिक कौन्सिलकडे दिले आणि रात्रीच्या करमणुकीचे परवानेही त्याच व्यवस्थेत आणले. नोव्हेंबर २००५ पासून ही व्यवस्था सुरू झाली. परवाना देताना आणि तपासताना कौन्सिलने चार गोष्टी डोळ्यांसमोर ठेवायच्या: गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे रक्षण. आवाज यातल्या तिसऱ्या सदरात येतो.

या कायद्यात पुनर्विलोकनाची सोय आहे. क्लबच्या आवाजाने हैराण झालेला कुणीही रहिवासी कौन्सिलकडे अर्ज करून चालू परवान्याची फेरतपासणी मागू शकतो. अर्जाची नोटीस जागेवर लागते, २८ दिवस कुणालाही बाजूने किंवा विरोधात लेखी म्हणणे मांडता येते. मग साधारणपणे तीन नगरसेवकांच्या उपसमितीसमोर सुनावणी होते. एका बाजूला क्लबचा मालक आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला पोलीस, पर्यावरण आरोग्य विभागाचा अधिकारी आणि शेजारी. शेजारी आपली नोंदवही उघडून सांगतो की अमुक तारखेला इतके वाजता सुरू झाले, इतके वाजता थांबले.

समितीसमोर पर्याय अनेक असतात. अटी बदलता येतात, वेळ कमी करता येते, संगीताची परवानगी काढून बाकी धंदा चालू ठेवता येतो, व्यवस्थापक बदलायला लावता येतो, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करता येतो, आणि सगळे उपाय थकले तर तो रद्दही करता येतो. निर्णय मान्य नसेल त्याने २१ दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अपील करावे.

ही पद्धत किती गंभीर असते याचे गाजलेले उदाहरण म्हणजे लंडनचा फॅब्रिक क्लब. तिथे मुद्दा आवाजाचा नव्हता, अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंचा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये इझलिंग्टन कौन्सिलने त्याचा परवाना रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये कडक अटींवर समझोता होऊन तो परत मिळाला. परवाना रद्द होण्याच्या भीतीने जे साधते ते पोलिसांच्या दंडाने साधत नाही, हे त्यातून दिसले. अटी पाळल्याशिवाय दार उघडत नाही म्हटल्यावर त्या पाळल्या जातात.

आपल्याकडे चार दारे

महाराष्ट्रात असे एकच टेबल नाही. कुर्डुवाडीसारख्या गावातली एखादी जागा घ्या, जिथे जेवण मिळते, दारू मिळते, गच्चीवर गाणी वाजतात. तिचे कागद किमान चार कार्यालयांत विखुरलेले असतात.

दारूचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो आणि त्याचे रोजचे काम राज्य उत्पादन शुल्क विभाग पाहतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि परमिट रूमचा एफएल-३ परवाना १९५३ च्या विदेशी मद्य नियमांखाली मिळतो. अटी मोडल्या तर तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार याच कायद्यात आहे.

करमणुकीचा परवाना, म्हणजे गाणे, नाच, वाद्यवृंद यांचा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या ३३ व्या कलमाखालच्या नियमांनी मिळतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे काम आयुक्त करतात. ग्रामीण भागात ते जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांकडेच येते.

लाउडस्पीकरची परवानगी ही तिसरी गोष्ट. ती २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतून येते आणि सामान्य माणसाला ती पोलीस ठाण्यात भेटते.

चौथे दार नगरपरिषदेचे. बांधकामाची परवानगी, इमारतीचा मंजूर वापर, गच्चीवरची शेड अधिकृत आहे की नाही, अग्निसुरक्षा, हे सगळे तिच्याकडे. म्हणजे ज्या संस्थेचा नगरसेवक आपल्याच गल्लीत राहतो, जिच्या मुख्याधिकाऱ्यांना भेटायला एसटी पकडावी लागत नाही, तिच्या हाती आवाजाचा परवाना नाही. ज्यांच्या हाती तो आहे ते जिल्हाधिकारी बसतात सोलापुरात.

गाव दमते ते या विखुरलेपणानेच. पोलीस म्हणतात परवाना उत्पादन शुल्कचा आहे, उत्पादन शुल्कवाले म्हणतात आमचा संबंध दारूशी, नगरपरिषद म्हणते आवाज आमच्या अखत्यारीत नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते आणि तक्रारदार मात्र रात्री दोन वाजता उशीत डोके खुपसून पडलेला असतो.

नगरपरिषदेला मात्र पूर्ण हात झटकता येत नाहीत. २००० च्या नियमांतला तिसरा नियम सांगतो की विकासाचे काम आखताना स्थानिक संस्थांनी ध्वनिप्रदूषण हे जगण्याच्या दर्जाचे एक माप म्हणून विचारात घ्यायचे आहे. वस्तीला लागून लॉनला परवानगी देताना, गोदाम म्हणून मंजूर झालेल्या जागेत कार्यालय चालते आहे हे दिसत असताना, नगरपरिषदेने हा नियम उघडून पाहायला हवा. गच्चीचे प्रश्न तर थेट जीवाशी येतात. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. आवाजाची तक्रार गांभीर्याने घेतली की तिच्या मागोमाग वापर, शेड, बाहेर पडायचा जिना हे सगळे तपासले जाते, हा त्या तक्रारीचा मोठाच उपयोग आहे.

ढोलकी आणि डीजे

कुर्डुवाडीच्या माढा तालुक्यात करमणुकीच्या परवान्याचा विषय निघाला की मोडनिंबचे नाव येणारच. कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेमार्गावरचे आणि पुणे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव संगीत बारीसाठी उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ढोलकी, तबला, पेटी आणि बैठकीची लावणी ही संगीत बारीची जात. ती समोर बसलेल्या रसिकांसाठी असते. नुसत्या ढोलकी-पेटीचा आवाज एका दालनात नीट भरतो आणि भिंतीपलीकडे त्याचा जोर ओसरतो.

कलाकेंद्रात साउंड सिस्टिम आली, रेकॉर्डवरची गाणी आली, की दोन नुकसाने एकदम होतात. शेजारच्या वस्तीची झोप जाते आणि ढोलकीवाल्याची, पेटीवाल्याची रोजी जाते. म्हणून आवाजाचा नियम हा कलेच्या विरोधात आहे असे जे सहज बोलले जाते ते मला पटत नाही. परवान्यात पारंपरिक वाद्यांची अट असेल आणि ती खरोखर पाळली गेली तर कलावंत आणि शेजारी दोघेही वाचतात. कलाकेंद्रातल्या स्त्रिया कष्टाने पोट भरतात, त्यांच्यावर नैतिकतेचा बडगा उगारायला आवाजाची तक्रार वापरली जाऊ नये. तक्रार डेसिबलची असेल तर ती डेसिबलचीच राहावी.

नैतिकता आणि परवाना यांची गल्लत केली की काय होते, हे महाराष्ट्राने डान्स बारच्या प्रकरणात पाहिले आहे. २००५ मध्ये राज्याने बंदी आणली. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मग २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने त्यातल्या कित्येक अटी उडाल्या. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटरची अट टिकली नाही, रात्री साडेअकरापर्यंतची वेळेची मर्यादा मात्र टिकली. यातला धडा सरळ आहे: परवान्याची अट वाजवी आणि मोजता येण्याजोगी हवी, तरच ती कोर्टात उभी राहते. आवाजाइतकी मोजता येण्याजोगी अट दुसरी क्वचितच असेल.

मोजायचे कसे

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी परिसराचे चार वर्ग केले आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शासनाने शांतता क्षेत्र म्हणून घोषित केला असेल तर तिथे ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा.

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले की ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ४५ च्या जागी ७५ म्हणजे ‘थोडे जास्त’ नसते, ती हजारपट ऊर्जा असते. उघड्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर ९० असेल तर वीसवर ८४, चाळीसवर ७८, ऐंशीवर ७२. ऐंशी मीटर म्हणजे लहान गावात दोन-तीन गल्ल्या. तिथेही तो निवासी भागाच्या रात्रीच्या मर्यादेच्या २७ डेसिबल वर असतो. लॉनचा मालक ‘स्पीकरचे तोंड शेताकडे केले आहे’ म्हणतो तेव्हा हे अंतर-गणित मनाशी असावे.

मोजणी करताना नेमके काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. ध्वनिमापक यंत्र तिपाईवर, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटरवर, भिंतीपासून दूर ठेवतात. आधी ठरावीक आवाज देणाऱ्या छोट्या उपकरणाने ते बरोबर दाखवते का हे तपासतात. माईकवर वाऱ्यासाठी स्पंजची टोपी असते. मग काही मिनिटे नोंद घेऊन सरासरी पातळी काढतात, एकदा संगीत चालू असताना आणि शक्य झाल्यास एकदा बंद असताना. जागा महत्त्वाची: सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने वर किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमला हद्दीवर फक्त ५ डेसिबलची सूट. म्हणजे निवासी भागातल्या परमिट रूमच्या कुंपणाशी रात्री ५० च्या वर काटा गेला की नियम मोडला. ही नोंद पंचनाम्यात तारीख-वेळेसह उतरली की ती पुरावा होते.

यात एक अडचण आहे आणि डीजेच्या बाबतीत तीच कळीची ठरते. यंत्र सहसा ‘ए’ मापावर लावलेले असते. हे माप माणसाच्या कानाप्रमाणे मधल्या पट्टीच्या आवाजाला जास्त वजन देते आणि खर्जाला फार कमी. डीजेचा बास मात्र सगळा खर्जातच असतो, आणि खर्ज भिंतीला अडत नाही. खिडकी लावली की गाण्याचे शब्द ऐकू येईनासे होतात पण धपधप छातीत येत राहते, तावदाने आणि भांडी वाजत राहतात. यंत्र माफक आकडा दाखवते आणि घरातली माणसे बेजार असतात, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. म्हणून नोंद करताना ‘सी’ मापावरचाही आकडा घ्यावा, आणि तक्रारीत नुसते ‘फार आवाज’ न लिहिता खिडक्या लावूनही काय जाणवते ते लिहावे.

शरीरावरचा परिणाम मनाचा खेळ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीत सरासरी ३० डेसिबल आणि अधूनमधून उसळणाऱ्या आवाजासाठी ४५ ही पातळी सुचवली होती. २००९ मध्ये युरोपसाठी घराबाहेरची रात्रीची सरासरी ४० असावी असे तिने सांगितले. झोपेत आपण डोळे मिटतो, कान मिटत नाहीत. जाग आली नाही तरी आवाजाला शरीर प्रतिसाद देते, नाडी आणि रक्तदाब वर जातात. म्हाताऱ्यांना, हृदयरोग्यांना आणि तान्ह्यांना याचा त्रास सर्वांत आधी होतो.

दहाचा काटा कुठून आला

रात्री दहाची मर्यादा आज गावातल्या पोरालाही पाठ आहे, पण ती सहज मिळालेली नाही. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकात उच्च न्यायालयात या विषयाचा पाठपुरावा सुरू केला. पुढे सुमेरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने वर्षानुवर्षे सणासुदीला यंत्र घेऊन आवाज मोजला आणि आकडे लोकांसमोर ठेवले.

सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य निकाल १८ जुलै २००५ चा. त्याच्या मुळाशी एक भयंकर घटना आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. ती बातमी वाचून अनिल मित्तल या अभियंत्याने याचिका केली. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्या. अशोक भान यांच्या खंडपीठाने शांततेचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडला आणि बजावले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचे स्वातंत्र्य येत नाही. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा राज्यांचा अधिकार न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केला. म्हणजे बाकीचे ३५० दिवस दहा म्हणजे दहाच. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत, त्यानंतरही वाजवता येते, पण हद्दीवरची मर्यादा सुटत नाही. मोकळी गच्ची आणि लॉन बंदिस्त जागेत बसत नाहीत.

ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे देण्याचे आणि शहरांचे ध्वनिनकाशे करण्याचे आदेश दिले. २३ जानेवारी २०२५ ला कुर्ल्यातल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांनी पोलिसांसाठी पायऱ्या आखून दिल्या: आधी समज, मग दंड, मग यंत्रसामग्री जप्ती आणि परवाना रद्द करण्याची कारवाई. तक्रारदाराची ओळख विचारू नये, आणि कळली तरी ती उघड करू नये, हेही न्यायालयाने बजावले. ते प्रकरण प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांचे होते, पण लहान गावाला या अखेरच्या सूचनेचे मोल फार आहे. जिथे लॉनचा मालक, नगरसेवक आणि तक्रारदार एकाच लग्नात जेवायला बसतात, तिथे नाव फुटण्याच्या भीतीनेच बहुतेक तक्रारी तोंडातल्या तोंडात विरतात.

दाद गावातच आहे

कुर्डुवाडीकरांना सोलापूर गाठण्याआधीही एक दार उघडे आहे आणि ते फार कमी लोक ठोठावतात. माढा विभागाच्या प्रांताधिकाऱ्यांचे कार्यालय कुर्डुवाडीतच आहे. प्रांताधिकारी म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाने, जे १ जुलै २०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम होते, त्यांना सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देता येतो. एखादा धंदा लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला बाधक ठरत असेल तर तो बंद करायला किंवा नियमांत बसवायला सांगता येते. ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याला हजर होऊन म्हणणे मांडता येते. अट एवढीच की त्रास एका घराचा नसून वस्तीचा असावा. त्यामुळे अर्जावर गल्लीतल्या अनेकांच्या सह्या हव्यात. एकट्याच्या अर्जापेक्षा त्या अर्जाला कायद्याचेच बळ जास्त आहे.

या कलमाची ताकद १९८० मध्ये मध्य प्रदेशातल्या रतलामने दाखवली. तेही रेल्वे जंक्शनचेच गाव. उघड्या गटारांच्या दुर्गंधीविरुद्ध तिथल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे याच कलमाखाली दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब न्या. कृष्ण अय्यर यांनी मान्य केली नाही. दंडाधिकाऱ्याला हा अधिकार वापरण्यासाठी दिला आहे, आणि परिस्थिती तशी असेल तर तो वापरणे त्याचे कर्तव्य ठरते, हा त्या निकालाचा गाभा.

ध्वनिप्रदूषण नियमांतला आठवा नियमही असाच आहे. पोलीस ठाण्याच्या अहवालावरून किंवा तक्रारदाराच्या माहितीवरून जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेला उपअधीक्षक वा त्यावरचा अधिकारी लेखी आदेशाने एखाद्या जागेतले संगीत थांबवू किंवा मर्यादित करू शकतो. तो आदेश बदलून मागणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सोयही नियमात आहे. इथेच आपल्या आणि इंग्लंडच्या पद्धतीतला फरक कळतो. सुनावणीचा हक्क आपल्याकडे मुख्यतः ज्याचा आवाज बंद होतो त्याला आहे, ज्याची झोप मोडते त्याला नुसता अर्जाचा.

परवान्याच्या बाबतीत लोकांना निर्णय देता येतो, हे महाराष्ट्राने दारूपुरते मान्य केलेले आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा नगरपरिषदेच्या प्रभागातल्या २५ टक्के महिला किंवा एकूण मतदारांनी मागणी केली तर दुकानासाठी मतदान होते, आणि निम्म्याहून जास्त मतदारांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर दुकान बंद होते. राज्यातल्या कितीतरी गावांत बायांनी हे करून दाखवले. जे बाटलीला लागू झाले त्याची सौम्य आवृत्ती, म्हणजे शेजाऱ्यांच्या मागणीवरून सुनावणी, आवाजाला लागू करायला काय हरकत आहे?

धंदा चालावा, रात्रही राहावी

लॉन आणि परमिट रूम चालवणारेही गावचेच असतात. त्यांच्याकडे वाढपी, आचारी, वायरमन, वादक राबतात. तक्रारीचा शेवट टाळे लावण्यात व्हावा असे सहसा कुणालाच नको असते. परवान्यात घालता येतील अशा अटी ठाऊक आहेत आणि परवडणाऱ्याही आहेत. ध्वनिमर्यादक यंत्र बसवले की ठरवलेली पातळी ओलांडताच आवाज उतरतो किंवा वीज तुटते. दोन दारांमध्ये छोटी मोकळी जागा ठेवली की ये-जा होताना आवाज बाहेर सांडत नाही. चार मोठ्या स्पीकरऐवजी मंडपभर लहान लहान स्पीकर टांगले तर पाहुण्यांना नीट ऐकू येते आणि कुंपणाबाहेर कमी जाते. सबवूफर जमिनीवरून उचलून रबरी पट्ट्यांवर ठेवला की भिंतींची थरथर उतरते. वरात दहाच्या आत दारात आली पाहिजे ही अट बुकिंगच्या पावतीवरच छापता येते.

उलट बाजूनेही न्याय हवा. आधी कार्यालय होते आणि नंतर शेजारी फ्लॅट उभे राहिले, तर भिंती-खिडक्यांचा खर्च बिल्डरने करावा, हे तत्त्व २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने आणि २०१८ मध्ये इंग्लंडने आपल्या नगररचना धोरणात घेतले. कुर्डुवाडीच्या कडेने नवे प्लॉट पडताना नगरपरिषदेने हा विचार आजच केला तर पुढची भांडणे वाचतील.

राहता राहिले तक्रारदाराचे काम. त्याने रोजच्या रोज वही ठेवावी: तारीख, सुरू-बंदची वेळ, आवाजाचा प्रकार, खिडक्या लावल्यावर काय जाणवते. मोबाइलवरचे ध्वनिमापक अ‍ॅप कोर्टात चालणार नाही, पण अंदाजाला पुरेसे आहे. चालू आवाजासाठी ११२ वर फोन करावा. सवयीच्या आवाजासाठी गल्लीने मिळून एकच अर्ज करावा आणि तो पोलीस ठाणे, प्रांताधिकारी, मुख्याधिकारी, उत्पादन शुल्क आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सोलापूर कार्यालय या सर्वांना द्यावा, प्रत्येकाची पोच घ्यावी. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून परवान्याची प्रत मागावी. तीस दिवसांत ती मिळाली की अटी हातात येतात, आणि मोडलेली अट क्रमांकासह दाखवता आली की कुठलेच कार्यालय ‘आमचा संबंध नाही’ म्हणू शकत नाही.

आणि वेळ साधावी. दारूचे परवाने १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचे असतात, दरवर्षी नूतनीकरणाला येतात. पंचनामे, वही आणि सह्यांचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर गेले तर नूतनीकरणाच्या कागदासोबत त्यांची नोंद घ्यावी लागते, त्या वेळी अटी घालता येतात. नगरपरिषदेला कायद्याने परवाना रद्द करता येत नाही, पण ठराव करता येतो, मालक आणि रहिवासी यांना एका बैठकीला बोलावता येते, त्या बैठकीचे इतिवृत्त जिल्हाधिकाऱ्यांना पाठवता येते. यासाठी नवा कायदा लागत नाही. दरवर्षी फेब्रुवारीत अशी एक खुली बैठक कुर्डुवाडी नगरपरिषदेने घ्यावी, आणि परवाना मागणाऱ्यासमोर त्याच्या शेजाऱ्यालाही खुर्ची द्यावी. रात्री गाडी चालवून सकाळी घरी येणाऱ्या माणसाला निदान एवढे विचारले गेले पाहिजे की तुम्हाला झोप लागते का.